परभणीहून विमान जोडताना

परभणी जिल्ह्यात विमानतळ नाही. त्यामुळे इथून निघणाऱ्याचं पहिलं कनेक्शन विमानाला विमानाचं नसतंच. ते असतं एसटीला विमानाचं, रेल्वेला विमानाचं, नाही तर ओळखीतून ठरवलेल्या बोलेरोला विमानाचं. तिकीट काढताना हे मोजायचं राहून जातं. मोबाइलवर नांदेड ते बंगळूर आणि तिथून पुढे परदेश असा मार्ग दिसतो, मध्ये पावणेदोन तास असतात, भाडं परवडतं आणि पैसे भरले जातात. मग नांदेडचं विमान तासभर लेट होतं. उरलेल्या पाऊण तासात बॅग उचलून, बाहेर येऊन, पुन्हा चेक-इन करून पुढचं विमान गाठणं कुणाच्याच आवाक्यातलं नसतं.

हा लेख त्यांच्यासाठी आहे जे वर्षाकाठी एखाद्या वेळी विमानात बसतात: शिकायला जाणारी मुलं, आखातात कामाला जाणारे, उमऱ्याला निघालेली कुटुंबं, लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला जाणारे आई-वडील. रोज उडणाऱ्यांना यातलं बरंचसं पाठ असतं. त्यांचं विमान चुकलं तर कंपनी पैसे भरते, आपलं चुकलं तर आपणच भरतो.

कोणत्या तालुक्याने कुठे जावं

जिल्ह्याचे सरळ दोन भाग पडतात. पूर्णा, पालम, गंगाखेड आणि परभणी शहराला नांदेड जवळ. पूर्ण्याहून तर रेल्वेने नांदेड तीसेक किलोमीटरवर आहे, परभणीहून साठच्या आसपास. पालम-गंगाखेडकडचे लोह्यावरून रस्त्याने जातात. सेलू, मानवत, पाथरी, जिंतूर इथल्या लोकांनी मात्र नांदेडच्या नादी लागण्याआधी छत्रपती संभाजीनगरचं चिकलठाणा पाहावं. अंतर जास्त आहे, पण मुंबई-दिल्लीसाठी मोठ्या कंपन्यांची विमानं तिथे येतात आणि एक चुकलं तरी दुसरं मिळण्याची आशा असते.

चिकलठाण्याला एसटीने जाणाऱ्यांसाठी एक सोय आहे, ती फारशा लोकांच्या लक्षात येत नाही. विमानतळ जालना रोडवरच आहे आणि जालन्याकडून येताना शहराच्या अलीकडे लागतो. म्हणजे जिंतूर-मंठा-जालना मार्गे येणाऱ्या गाडीत कंडक्टरला आधीच सांगून ठेवलं तर सिडको किंवा मध्यवर्ती बसस्थानकापर्यंत जाऊन रिक्षाने उलटं यावं लागत नाही. माजलगाव-गेवराईवरून येणारी गाडी बीडच्या बाजूने शहरात शिरते, तिथे हा फायदा नाही. रेल्वेने गेलात तर मुख्य स्टेशनवर उतरून दहा-अकरा किलोमीटर मागे यायचं असतं, तेवढा वेळ धरून चला.

आणि हो, विमान कंपन्यांच्या यादीत हे शहर अजून औरंगाबाद या नावानेही सापडतं आणि त्याची तीन अक्षरांची खूण आयएक्सयू अशी आहे. नव्या नावाने शोधून विमानच नाही असं दिसलं तर जुन्या नावाने शोधून पाहा. नांदेडची खूण एनडीसी. लातूरला धावपट्टी आहे, पण नियमित प्रवासी विमान नाही, त्यामुळे सोनपेठ-गंगाखेडकरांनी नकाशावर ते जवळ दिसलं म्हणून आशा धरू नये.

तिसरा विमानतळ म्हणजे हैदराबादचं शमशाबाद. माझ्या मते परदेशी जाणाऱ्या परभणीकराचं खरं विमानतळ हेच. कारणं पुढे येतीलच.

छोट्या विमानतळाचा स्वभाव

नांदेडचा इतिहास थोडा माहीत असला की तिकीट काढताना हात आपोआप सावध होतो. 2008 मध्ये शिखांच्या गुरुता गद्दीच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने हा विमानतळ नव्याने उभा राहिला. विमानं आली, गेली. मग केंद्राच्या उडान योजनेत 27 एप्रिल 2017 रोजी पंतप्रधानांनी शिमला-दिल्लीबरोबर ज्या सेवांना हिरवा झेंडा दाखवला, त्यांत नांदेड-हैदराबाद होती. ट्रूजेट कंपनीचं एटीआर विमान या मार्गावर चालायचं. 2022 मध्ये ट्रूजेटच बंद पडली आणि नांदेडचं आकाश पुन्हा मोकळं झालं. 2024 च्या मार्चअखेर स्टार एअरने सेवा सुरू केली. 2025 च्या ऑगस्टमध्ये धावपट्टीच्या सुरक्षेच्या कारणावरून उड्डाणं काही काळ थांबवावी लागली आणि पुढे पुन्हा सुरू झाली.

हे कुणाच्या नावाने बोटं मोडायला सांगत नाही. उडान योजनेची रचनाच अशी आहे की ठरावीक जागांचं भाडं मर्यादेत ठेवायचं, कंपनीला पडणारा तोटा सरकारने भरून द्यायचा आणि हे सहसा तीन वर्षं चालायचं. त्यानंतर मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहिला तर राहिला. म्हणून छोट्या गावांची विमानं येतात तशी जातात.

दुसरं कारण रोजच्या चालीतलं आहे. छोटी कंपनी मोजक्या विमानांवर अख्खं वेळापत्रक चालवते. तेच एक विमान सकाळी एका गावाहून निघतं, दिवसभर तीन-चार ठिकाणी उतरतं आणि रात्री परत जातं. सकाळच्या पहिल्या टप्प्यावर अर्धा तास गेला की तो दुपारी तुमच्या टप्प्यावर येईपर्यंत फुगत जातो. म्हणून तुमच्या विमानाची वेळ तपासताना हेच विमान त्याआधी कुठून येणार आहे तेही पाहा. उड्डाणांचा माग दाखवणाऱ्या अ‍ॅपवर ते दिसतं. आधीचा टप्पा अजून सुटलेलाच नसेल तर फलकावर वेळेवर असं लिहिलेलं असलं तरी तुम्ही मनाने तयार राहिलेलं बरं.

तिसरं, विमान रद्द झालं तर पुढचं कधी? मोठ्या शहरात उत्तर दोन तासांनी असं येतं. नांदेडसारख्या ठिकाणी काही मार्गांवर विमान रोज नसतं, त्यामुळे उत्तर परवा असंही येऊ शकतं. तिकीट काढण्याआधी तुमच्या तारखेच्या पुढच्या दोन दिवसांत तेच विमान आहे का ते पाहून ठेवा. वेळापत्रकं वर्षातून दोनदा बदलतात, मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. सप्टेंबरमध्ये बसून नोव्हेंबरचं तिकीट काढणाऱ्याला ऑक्टोबरात बदललेल्या वेळेचा मेसेज येतो आणि कनेक्शनचं सगळं गणित कोलमडतं. तो मेसेज वाचा. एजंटने तिकिटावर स्वतःचाच मोबाइल नंबर टाकला असेल तर तो तुमच्यापर्यंत येणारच नाही, म्हणून तिकीट हातात येताच संपर्काचा नंबर आपला आहे ना ते बघा.

या सगळ्यातून मी एक कसोटी ठरवली आहे, ती सांगतो. छोटं विमान ऐनवेळी रद्द झालं तर रस्त्याने किंवा रेल्वेने पुढचं मोठं विमान गाठता येईल का? येत असेल तर ते कनेक्शन धरावं. नांदेड-हैदराबाद या कसोटीला उतरतं, कारण गाडीने पाच-सहा तासांत शमशाबाद येतं. नांदेड-बंगळूर किंवा नांदेड-दिल्ली उतरत नाही. तिकडे जायचंच असेल तर छोटं विमान आदल्या दिवशीचं घ्या आणि एका मुक्कामाचा खर्च तिकिटातच धरा. लॉजचे दोन हजार जास्त वाटतात, पण ऐनवेळी काढलेलं परदेशाचं तिकीट काय भावाला पडतं ते एकदा विचारून पाहा.

तिकीट एक की दोन

कनेक्शनच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तासांचा नाही, पीएनआरचा आहे. दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर असतील तर पहिलं उशिरा पोचल्याने दुसरं चुकल्यास तुम्हाला पुढे पोचवणं ही कंपनीची जबाबदारी. दोन वेगळी तिकिटं असतील तर पहिली कंपनी म्हणते, आम्ही तुम्हाला हैदराबादला आणलं, आमचं काम झालं. दुसरी म्हणते, तुम्ही वेळेत आला नाहीत. दोघींचंही कायद्याने बरोबर असतं.

इथे वेबसाइटची एक चलाखी लक्षात ठेवा. तिकिटं विकणाऱ्या साइट दोन कंपन्यांची दोन स्वतंत्र तिकिटं एकाच पानावर, एकाच रकमेत दाखवतात. ते एक तिकीट वाटतं, पण नसतं. पैसे भरण्याआधी बारीक अक्षरांत स्वतः सामान घेऊन पुन्हा चेक-इन करावं लागेल अशा अर्थाचं काही लिहिलंय का ते पाहा. एजंटकडून काढत असाल तर थेट विचारा: "पीएनआर एक आहे का दोन? बॅग शेवटपर्यंत जाईल का?" उत्तर गुळमुळीत आलं तर दोन समजा.

बॅगेचं उत्तर शेवटी काउंटरवर मिळतं, तेही कागदाच्या एका पट्टीवर. चेक-इन करताना कर्मचारी बॅगेच्या हँडलला लांब चिकटपट्टी गुंडाळतो आणि तिचा छोटा तुकडा बोर्डिंग पासच्या मागे चिकटवून देतो. त्या पट्टीवर मोठ्या अक्षरांत तीन इंग्रजी अक्षरं असतात. तीच बॅगेची शेवटची जागा. फ्रँकफर्टला निघालात आणि पट्टीवर एफआरए दिसलं तर बॅग तिथे भेटेल. एचवायडी दिसलं तर बॅग हैदराबादच्या पट्ट्यावर येणार आणि ती तुम्हालाच उचलायची आहे. काउंटर सोडण्याआधी ही अक्षरं मोठ्याने वाचा, पटलं नाही तर तिथेच विचारा. बॅग आत गेल्यावर विचारून उपयोग नसतो. तो छोटा तुकडा घरी पोचेपर्यंत टाकू नका, कारण हरवलेली बॅग शोधायला त्यावरचाच नंबर लागतो.

वजनाचाही घोळ दोन तिकिटांत होतो. देशांतर्गत विमानात साधारण 15 किलो चेक-इन आणि 7 किलोची एक हातबॅग चालते. अमेरिकेच्या तिकिटावर बहुधा 23 किलोच्या दोन बॅगा मिळतात. एकाच पीएनआरवर असाल तर सहसा मोठ्या प्रवासाची मर्यादा छोट्या टप्प्यालाही लागते. वेगळ्या तिकिटांवर असाल तर नांदेडच्याच काउंटरवर तीस-एकतीस किलोचे जास्तीचे पैसे मागितले जातात आणि तिथे घासाघीस चालत नाही. काही कंपन्या पुढचं आंतरराष्ट्रीय तिकीट दाखवल्यावर सवलत देतात. पण हे आधी फोन करून विचारायचं, काउंटरवर नशीब आजमावायचं नाही. अशा वेळी रेल्वेने हैदराबाद गाठणं कितीतरी स्वस्त पडतं, त्या डब्यात वजनकाटा नसतो.

सामानातल्या दोन वस्तू कनेक्शन मोडतात. एक पॉवर बँक. ती हातबॅगेतच लागते. चेक-इनच्या बॅगेत राहिली तर बॅग तपासणीत अडकते, तुम्हाला बोलावणं येतं आणि बॅग त्या विमानाने जातच नाही. दुसरी आपल्या घरची: सुकं खोबरं. त्याच्या तेलामुळे ते पेट घेणाऱ्या वस्तूंत धरतात आणि चेक-इनच्या बॅगेतही चालत नाही. लेकीसाठी खोबऱ्याच्या वाट्या बांधून द्यायचा मोह आवरा. लोणचं आणि काळा मसाला चेक-इनच्या बॅगेत नीट बांधून न्या, पण तुम्ही जाताय त्या देशाचे खाण्याच्या पदार्थांचे नियम पाहूनच.

आणखी एक गोष्ट जी इथे नेहमी घडते. एकच तिकीट आहे, पहिला टप्पा नांदेड-हैदराबाद, पुढे परदेश. सकाळी कळतं की नांदेडचं विमान खूप उशिरा आहे. घरचे म्हणतात, जाऊ दे, गाडी काढा, सरळ हैदराबादला जाऊ. गाडी निघते, शमशाबादला वेळेत पोचतेही आणि काउंटरवर कळतं की पहिल्या टप्प्याला हजर न राहिल्याने पुढचं सगळं तिकीट आपोआप रद्द झालं आहे. म्हणून गाडीला किल्ली लावण्याआधी कंपनीला फोन करा, नांदेडचा टप्पा काढून पुढचे टप्पे चालू ठेवायला सांगा आणि तसा मेसेज किंवा ई-मेल आल्याशिवाय निघू नका. तोंडी "हो जाईल" वर भागत नाही.

दिल्ली दोन, मुंबई दोन, गोवा दोन

नांदेडहून दिल्लीचं विमान असं तिकिटावर दिसलं तर उतरण्याच्या जागेचं नाव पूर्ण वाचा. स्टार एअरची नांदेडची सेवा सुरू झाली तेव्हा ती गाझियाबादजवळच्या हिंडनला उतरणारी होती. हिंडन आणि इंदिरा गांधी आंतरराष्ट्रीय विमानतळ यांच्यामध्ये अख्खी दिल्ली आहे, चाळीसहून अधिक किलोमीटरची. गर्दीच्या वेळी दोन तास सहज जातात. हिंडनला उतरून इंदिरा गांधीहून परदेशी विमान पकडायचं तर मध्ये किमान सहा तास हवेत. डिसेंबर-जानेवारीत सकाळच्या धुक्याची भर घाला, म्हणजे मुक्काम करण्याला पर्यायच नाही.

मुंबईचंही आता तसंच झालं आहे. नवी मुंबई विमानतळ 25 डिसेंबर 2025 पासून प्रवाशांसाठी सुरू झाला. मुंबईत उतरून मुंबईतूनच पुढे जायचं म्हणून तिकीट काढणाऱ्याला पहिलं विमान नवी मुंबईला आणि दुसरं सहारच्या टर्मिनल दोनला असं मिळू शकतं. शिवाय जुन्या विमानतळाची दोन टर्मिनलं वेगळ्या बाजूंना आहेत, एका दारातून बाहेर पडून गाडीने दुसऱ्या दाराशी जावं लागतं. गोव्यात दाबोळी आणि मोपा. तिकिटावरची तीन अक्षरं पाहिली की घोळ होत नाही: नवी मुंबई एनएमआय, जुनी मुंबई बीओएम, मोपा जीओएक्स, दाबोळी जीओआय, हिंडन एचडीओ, इंदिरा गांधी डीईएल.

हैदराबाद मला यासाठीच आवडतं. देशातलं आणि परदेशातलं, दोन्ही एकाच इमारतीतून. गाव नवीन, भाषा वेगळी, सोबत वयस्कर माणसं असताना बाहेर पडून दुसरं टर्मिनल शोधण्याची कटकट नसते. दुबई, दोहा, अबूधाबी, जेद्दा इथे थेट विमानं आहेत, लंडन आणि फ्रँकफर्टलाही. परभणीच्या माणसाला एवढं बस आहे.

मुंबईहूनच निघायचं असेल तर नांदेड-मुंबई वंदे भारत उपयोगी पडते. ऑगस्ट 2025 पर्यंत ती जालन्याहून सुटायची, आता पहाटे परभणीत थांबून दुपारी मुंबईत जाते. आठवड्यातला एक दिवस ती नसते, तेवढं पाहा. रात्रीच्या आंतरराष्ट्रीय विमानासाठी ही वेळ फार चांगली आहे, कारण चार तास लेट झाली तरी तुम्ही संध्याकाळी मुंबईत असता. दादरला उतरलात तर मेट्रो तीन सरळ टर्मिनल दोनच्या स्टेशनला नेते. दोन मोठ्या बॅगा असतील तर टॅक्सी करा, मेट्रोचे पैसे वाचवण्यात जीव जातो. तपोवन सकाळी नांदेडहून निघून रात्री मुंबईला पोचते, पहाटेच्या विमानाला ती चालू शकते. मध्यरात्रीच्या विमानाला मी तिच्यावर विसंबणार नाही. परभणीपासून मुदखेडकडे दुहेरी मार्ग झाला आहे, पण मनमाडच्या बाजूला बराच मार्ग एकेरी आहे आणि एखाद्या क्रॉसिंगला गाडी उभी राहिली की ती किती वेळ राहील हे गार्डलाही सांगता येत नाही.

एका प्रवासाचं गणित

गंगाखेडचा एक विद्यार्थी धरा. हैदराबादहून फ्रँकफर्ट, विमान 15 तारखेला रात्री दीड वाजता. पहिली चूक इथेच होते. रात्री दीड म्हणजे 14 तारीख संपून सुरू झालेली 15. घरातून 14 लाच निघायचं, विमानतळावर 14 च्या रात्री साडेनऊ-दहापर्यंत पोचायचं. पंधरा तारखेला सकाळी अंघोळ करून निघालेल्याचं विमान गेलेलं असतं.

साडेदहा वाजता चेक-इनला उभं राहायचं हे पक्कं करा आणि तिथून मागे मोजत या. परदेशी विमानाचा काउंटर साधारण उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतो, काही कंपन्यांचा त्याच्याही आधी, पण आपण तीन तास आधीचं धरतोय. देवगिरी एक्स्प्रेस सकाळी परभणीला येते आणि दुपारी सिकंदराबादला पोचते. ती तीन तास लेट धरली तरी संध्याकाळी पाच. सिकंदराबादहून शमशाबाद पस्तीस-चाळीस किलोमीटर. मेट्रो तिथपर्यंत जात नाही. तेलंगणा परिवहनची पुष्पक बस किंवा टॅक्सी, संध्याकाळच्या गर्दीत दीड तास. म्हणजे साडेसहा-सात. तीन तास मोकळे हातात राहतात. हे तीन तास वाया जात नाहीत, तीन तास लेटऐवजी सहा तास लेट झाल्यास लागतात.

हाच मुलगा त्याच दिवशीच्या नांदेड-हैदराबाद विमानाने गेला तर? ते विमान दुपारी दोनच्या आत हैदराबादला पोचणारं असेल तर चालेल, कारण रद्द झाल्याचं सकाळी कळलं तरी गाडीने रात्री दहाच्या आत पोचता येतं. संध्याकाळी पोचणारं असेल तर नको. अजिंठा एक्स्प्रेस हा तिसरा मार्ग. ती रात्रीची आहे, परभणीला उत्तररात्री येते आणि सकाळी हैदराबाद परिसरात पोचते. ज्यांचं विमान दुपारचं असेल त्यांनी ती पाहावी. रेल्वेच्या वेळा आणि शेवटचं स्थानक दोन्ही बदलत राहतात, म्हणून निघायच्या आठवड्यात पुन्हा एकदा तपासा.

नाव तपासायचं राहिलंच. आपल्याकडे स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव अशी तिहेरी साखळी असते. आधारवर एक, पासपोर्टवर दुसरं, आणि एजंटने तिकिटावर मधलं नाव आडनावाच्या जागी टाकलेलं. देशातल्या टप्प्यावर हे खपून जातं, आंतरराष्ट्रीय काउंटरवर नाही. दोन्ही तिकिटं पासपोर्टप्रमाणेच काढा.

पुढे युरोप किंवा इंग्लंडमध्ये विमान बदलायचं असेल आणि तिकिटं दोन असतील, तर बॅग घेण्यासाठी त्या देशात शिरावं लागतं आणि शिरायचं तर व्हिसा लागतो. एकाच तिकिटावरही काही देश ट्रान्झिट व्हिसा मागतात. त्या देशाच्या दूतावासाच्या संकेतस्थळावर पाहा, कुणाच्या भाच्याला लागला नव्हता यावर जाऊ नका. अमेरिकेत मात्र पहिल्या उतरण्याच्या शहरातच इमिग्रेशन होतं आणि सहसा बॅगाही तिथेच उचलून पुन्हा द्याव्या लागतात, मग तिकीट एक असो वा दोन. तिथे दोन तासांचं कनेक्शन आई-वडिलांना देऊ नका, साडेतीन-चार तास द्या. त्यांच्यासाठी तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागा. चालता येत असूनही मागायला काही जण संकोच करतात. पण रांगा लांब असतात, चालणं बरंच असतं, आणि इंग्रजी पाट्या वाचत गेट शोधण्यापेक्षा सोबत एक माणूस असलेला चांगला.

चुकलंच तर

विमान अजून हवेत आहे आणि पुढचं चुकणार असं दिसतंय, तर उतरण्याआधी कर्मचाऱ्यांना सांगा. कधीकधी ते कनेक्शनवाल्यांना आधी बाहेर काढतात. उतरल्यावर एकच तिकीट असेल तर बाहेरच्या दाराकडे जाऊ नका, आतल्या ट्रान्सफर डेस्कवर जा. रांगेत उभं राहूनच कंपनीला फोन लावा, जे आधी लागेल ते.

हक्क काय आहेत तेही माहीत असावेत. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांप्रमाणे विमान रद्द होणार असेल तर कंपनीने किमान दोन आठवडे आधी कळवून पर्यायी विमान किंवा पैसे परत द्यायला हवेत. न कळवता रद्द केलं, किंवा त्याच तिकिटावरचं पुढचं विमान चुकलं, तर भरपाई मिळते: एक तासापर्यंतच्या उड्डाणाला 5,000, दोन तासांपर्यंत 7,500, त्याहून मोठ्याला 10,000 रुपये, किंवा मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यांतलं जे कमी असेल ते. सहा तासांहून अधिक उशीर होणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा तुम्ही मागू शकता. अडीच तासांपर्यंतच्या छोट्या उड्डाणाला दोन तास उशीर झाला की खाण्यापिण्याची सोय कंपनीची. रात्री आठ ते पहाटे तीनच्या दरम्यानचं विमान सहा तासांहून जास्त लांबलं तर मुक्कामाचीही.

पण धुकं, वादळ, धावपट्टी बंद, अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांत ही भरपाई मिळत नाही. छोट्या विमानतळावर बहुतेक वेळा कारण असंच निघतं. म्हणून भरपाईच्या भरवशावर कनेक्शन आखू नका. काउंटरवरून विमान रद्द झाल्याचं लेखी घ्या. तो कागद प्रवास विम्यालाही लागतो. विमा काढताना मात्र किती तासांच्या उशिरानंतर पैसे मिळतात ते वाचा, कारण त्याआधी विमान चुकलं तरी पैसे मिळत नाहीत. कंपनीने दाद दिली नाही तर एअरसेवा या सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते.

परतीचं

येतानाचं नियोजन कुणी करत नाही, घरीच यायचंय म्हणून. परदेशातून हैदराबादला पहाटे उतरलात तर इमिग्रेशन, बॅगा आणि कस्टम्स यांत दोन तास सहज जातात. भारतात जिथे पहिल्यांदा उतरता तिथेच हे सगळं होतं, त्यामुळे पुढचं तिकीट त्याच कंपनीचं असलं तरी बहुधा बॅगा उचलून कस्टम्स ओलांडून पुन्हा द्याव्या लागतात. सकाळी सातची नांदेडची विमानं शोधत बसू नका. देवगिरी दुपारी सिकंदराबादहून निघते आणि रात्री परभणीला येते. मध्ये आंघोळ, जेवण आणि झोप होते. तिकीट आधी काढून ठेवा, थर्ड एसीत खालचा बर्थ मागा, कारण दोन महिन्यांच्या बॅगा खालच्या बर्थखालीच मावतात. नांदेडला बऱ्याच लोकांची गर्दी उतरते, तेव्हा बॅगांवर डोळा ठेवा आणि पूर्णा गेलं की दाराजवळ या.